गाळ, कागद आणि बोट

(स्मृती व्याख्यानमालेत सिन्नर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला फोन करून विचारलं, की पूर आणि बोटीवरची नोकरी हे दोन विषय एकाच व्याख्यानात कसे बसवणार? मी म्हटलं, मी बसवत नाही, ते एकाच घरात बसलेले आहेत. ज्या घरात पाणी शिरलं, त्याच घरातला मुलगा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करतोय किंवा कोर्स करून बोटीची वाट पाहतोय. घर दुरुस्त करायचे पैसे आणि मुलाच्या फीचे पैसे एकाच कपाटातून निघतात. म्हणून मी दोन्हींबद्दल बोलणार आहे. मी जहाजावर इंजिनिअर म्हणून नोकरी केली. त्यामुळे पाणी आत येणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाबाहेरही थोडं कळतं.

सिन्नरकरांना पुराची ओळख करून द्यायची गरज नाही, पण बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपला तालुका अवर्षणप्रवण. पाण्याचा टँकर आम्ही पाहिलेला, पूर फारसा नाही. 1 सप्टेंबर 2022 रोजी, म्हणजे गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळपासून असा पाऊस झाला की सरस्वती नदीचं पाणी गावात घुसलं. नदीकाठची घरं, दुकानं पाण्यात गेली, काही घरं वाहून गेली. रात्रीच्या अंधारात लोकांना बाहेर काढावं लागलं. वर्षातले कित्येक महिने जिच्या पात्रात धार शोधावी लागते, तीच ही नदी.

दुष्काळी गावाला पूर येतो तेव्हा नुकसान जास्त होतं, असं माझं मत आहे. नाशिकच्या गोदाकाठच्या माणसाला पुराची सवय असते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून तो दुकानातला माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. 1969, 2008, 2016, 2019, सगळे पूर त्याच्या हिशोबात असतात. चिपळूणचा माणूस वाशिष्ठीकडे बघत राहतो, तरीही 22 जुलै 2021 ला तोसुद्धा हबकला. आपल्याकडे ही सवय नाही. धान्याची कोठी, शिलाई मशीन, मुलांच्या मार्कशीटची फाइल, सगळं जमिनीवर किंवा खालच्या फळीवर. पाणी इथवर येईल हे मनातच नसतं.

आता पाणी ओसरल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगतो. बोटीवर आम्हाला एक गोष्ट घोटवून शिकवतात. पाणी आत शिरलं की सगळ्यांनी सगळीकडे धावायचं नाही. मस्टर लिस्ट नावाचा एक तक्ता भिंतीवर लावलेला असतो, त्यात प्रत्येकाचं काम आधीच लिहिलेलं असतं. कोण दारं बंद करणार, कोण पंप लावणार, कोण माणसं मोजणार. घरात पाणी ओसरल्यावर माणूस पहिलं काय करतो? खराटा हातात घेतो. आई, बहीण, शेजारी सगळे एकाच वेळी गाळ ओढायला लागतात. पण त्याआधी चार माणसं चार कामांना लावायला हवीत.

पहिलं काम विजेचं. मेन स्विच बंद. स्विचबोर्ड ओला आहे तोवर घरात कोणी उघड्या पायांनी फिरायचं नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि धुऊन भागलं असतं तिथं इंजिन उघडावं लागतं. पाण्याच्या मोटरचंही तसंच. बोटीवर खाऱ्या पाण्यात बुडालेली मोटर आम्ही उघडून आधी गोड्या पाण्याने स्वच्छ धुतो, मग बल्ब किंवा हीटर लावून वाइंडिंग वाळवतो, मग मेगरने इन्सुलेशन मोजतो. रीडिंग एक मेगओहमच्या वर स्थिर राहिलं तरच तिला वीज देतो. घाई केली तर मोटर जळते. माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांत काम करणारे फिटर आणि इलेक्ट्रिशियन इथं बसलेत, त्यांना हे पाठ आहे. माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या घरातली मोटरसुद्धा याच पद्धतीने बघा.

दुसरं काम फोटोचं. गाळ काढण्याआधी प्रत्येक खोलीचा फोटो. पाणी भिंतीवर कुठवर होतं तिथं पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. पंचनामा करायला तलाठी किंवा नगरपरिषदेचा माणूस येईल तेव्हा घर धुऊन चकाचक झालेलं असतं आणि मग नुकसान कुठे दाखवायचं हा प्रश्न येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 ते 2026 या काळाचे निकष बघा. पूर्ण पडलेल्या घराला सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार रुपये, पण अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला 6 हजार 500 आणि कच्च्या घराला 4 हजार. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालतं. तरीही एवढ्यात घर उभं राहत नाही, हे मला माहीत आहे. पण हा कागद हातात असणं महत्त्वाचं आहे. बँकेत कर्जाचे हप्ते पुढे ढकलायला सांगताना, कॉलेजमध्ये फीची सवलत मागताना, हाच पंचनामा दाखवावा लागतो. नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जदारांना काय सवलती द्यायच्या याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्या आपल्याला लागू होतात का, हे लेखी अर्ज करून विचारायचं. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं.

दुकानदारांसाठी आणखी एक सांगतो. तुमचं कॅश क्रेडिट खातं असेल, तर बऱ्याचदा बँकेने तुमच्या मालाचा विमा काढलेला असतो आणि हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. अनेकांना हे माहीतच नसतं. पासबुक वाळवा आणि त्यात विम्याची नोंद शोधा. मात्र त्या पॉलिसीत पूर आहे का, माल कोणत्या पत्त्यावर दाखवलाय, हे बघायला विसरू नका.

तिसरं काम गाळाचं, आणि तो ओला असतानाच काढायचा. वाळला की पहार लागते. पण जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्याने आतून फुगलेल्या असतात. त्या पाण्यात असताना उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर दोन-चार दिवसांनी बसतात. अशा भिंतीच्या आडोशाला कोणी झोपायचं नाही. विहिरीत आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी प्यायचं नाही.

चौथं काम कागदांचं. इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या विषयाचा दुसरा भाग इथूनच सुरू होतो.

ओला कागद उन्हात टाकायचा नाही, तो वळतो आणि तडकतो. मळलेला असेल तर परातीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात हलकेच हलवायचा, मग सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवायचा आणि मधले कागद दर काही तासांनी बदलायचे. दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरते. लॅमिनेशन केलेल्या मार्कशीटबद्दल लोक निर्धास्त असतात. कडेने पाणी आत गेलं की तीच आधी सडते, कारण पाणी बाहेर पडायला वाट नसते. अशा वेळी कड कापून कागद मोकळा करावा लागतो. शाईच्या सह्यांवर पाणी टाकण्याआधी कोपऱ्यात एक थेंब लावून शाई फुटते का ते बघायचं.

बोटीवर जाणाऱ्या मुलाच्या फाइलमध्ये काय काय असतं? दहावी-बारावीच्या मार्कशीट, पासपोर्ट, इंडोस नंबरचा, म्हणजे खलाशाच्या नोंदणी क्रमांकाचा, कागद, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे घ्यायच्या, कोर्सेसची प्रमाणपत्रं: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, जहाजाची सुरक्षा. ही फाइल नाही तर तो मुलगा गोदीच्या दारातून आत जाऊ शकत नाही. फाइल गेली तर घाबरू नका. मार्कशीटची दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते, नाशिकलाच कार्यालय आहे. डिजिलॉकरमध्ये असेल तर काम आणखी सोपं. खराब झालेल्या पासपोर्टची माहिती लपवायची नाही, नवीन काढायला टाकायचा. सीडीसीसाठी पोलिसांकडे नोंद करून मुंबईच्या शिपिंग मास्तरांकडे अर्ज. कोर्सची प्रमाणपत्रं त्या त्या संस्थेकडून. इंडोस नंबर मात्र आयुष्यभर एकच असतो, तो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आजच लिहून ठेवा.

या सगळ्याला महिने जातात. त्या महिन्यांत घराच्या दारात एक माणूस येतो. शर्ट इस्त्रीचा, फोनवर जहाजाचे फोटो. तो म्हणतो, ‘काका, तुमचं एवढं नुकसान झालंय, पोराला लगेच बोटीवर पाठवतो, डॉलरमध्ये पगार, फक्त जॉइनिंगचे पैसे शुक्रवारपर्यंत द्या.’ रक्कम लाखांत असते. आणि ज्या बापाचं दुकान बुडालं, तो आईच्या अंगावरचं मोडून ते पैसे देतो. मला आज सांगायचंय ते हेच. पूर आलेलं घर कधी नव्हे एवढं फसवायला सोपं असतं, म्हणून त्या घराने गाळ निघेपर्यंत, पंचनामा हातात पडेपर्यंत आणि पोराची फाइल पुन्हा पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही हातात पैसे ठेवायचे नाहीत. कितीही चांगली संधी असली तरी.

कारण कायदा आपल्या बाजूने आहे. सागरी कामगार करार 2006 भारताने 2015 मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. त्याला धंद्यात आरपीएसएल म्हणतात. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. नाव, पत्ता, परवान्याची मुदत तिथं बघायची, एजंटाने पाठवलेल्या फोटोत नाही. बोटीवर चढण्याआधी करारपत्र हातात हवं, त्यात जहाजाचं नाव, पगार, मुदत सगळं हवं. ‘आधी पर्यटक व्हिसावर दुबईला जा, तिथून बोटीवर चढवतो’ असं कोणी म्हणालं तर तिथंच बोलणं थांबवा. अशा वाटेने गेलेली मुलं परदेशी बंदरात अडकतात, पगार नाही, कधी जेवण नाही, मालक फोन उचलत नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. सागरी कामगार करारात 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे सोडून दिलेल्या खलाशाला विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार मिळू शकतो, पण त्यासाठी जहाज विमा असलेलं आणि तुमचं नाव करारपत्रात असलेलं हवं.

आता मुलांच्या नोकरीबद्दल स्पष्ट बोलतो. पालकांना मी गोड काही सांगणार नाही.

जाहिरातीत म्हणतात, जगात खलाशांची टंचाई आहे. अर्धं खरं आहे. बिम्को ही जहाज कंपन्यांची संघटना आणि आंतरराष्ट्रीय नौवहन मंडळ यांनी 2021 साली जगातल्या व्यापारी जहाजांवरच्या मनुष्यबळाचा अहवाल दिला. साधारण 18 लाख 90 हजार खलाशी, त्यात अधिकाऱ्यांची तूट 26 हजार 240, आणि 2026 पर्यंत आणखी 89 हजार 510 अधिकारी लागतील असा अंदाज. नीट ऐका, तूट अधिकाऱ्यांची आहे. त्याआधीच्या 2015 च्या अहवालात साध्या खलाशांची, म्हणजे रेटिंग्जची, 1 लाख 19 हजारांची जादा उपलब्धता दाखवली होती. आणि आपल्याकडून सगळ्यात जास्त गर्दी कुठे? दहावीनंतरच्या 6 महिन्यांच्या जीपी रेटिंगला. कारण फी त्यातल्या त्यात कमी आणि कोर्स लवकर संपतो.

अधिकाऱ्यांची तूट आहे म्हणून कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, लगेच बोट मिळते, असंही नाही. ही तूट परवाना असलेल्या अधिकाऱ्यांची आहे. नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केलेल्या मुलाला परीक्षेला बसण्याआधी 18 महिने प्रत्यक्ष समुद्रावर काढावे लागतात. त्याला आम्ही सी-टाइम म्हणतो. जहाजावर कॅडेटसाठी केबिन दोन, फार तर तीन. कंपनी ती जागा आपण निवडलेल्या मुलालाच देते. म्हणजे दरवाजा अरुंद आहे तो कॉलेजच्या प्रवेशाचा नाही, पहिल्या बोटीचा आहे. म्हणून पालकांनी प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारायचा: पहिली बोट कोण देणार? कंपनीचं स्पॉन्सरशिप पत्र आहे का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ या शब्दांत बोट नाही. गेल्या दोन वर्षांत तुमच्या संस्थेतून निघालेली किती मुलं आज प्रत्यक्ष पाण्यावर आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलायला द्या, असं म्हणा. चांगली संस्था हे हसत करते.

त्याहून आधी एक काम. मुलाचे डोळे तपासा, महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून. डेकवर जायचं तर चष्म्याशिवाय 6/6 नजर लागते, आणि रंगांधळेपणा असेल तर डेक नाही आणि इंजिनही नाही. लाखांची फी भरून झाल्यावर हे कळणारी मुलं असतात. तपासणीला फीच्या मानाने किरकोळ खर्च येतो.

चांगल्या वाटा आहेत आणि त्या सिन्नरच्या मुलाला बंद नाहीत. बारावीला गणित, भौतिक, रसायन चांगलं असेल तर भारतीय सागरी विद्यापीठाची सामायिक प्रवेश परीक्षा द्या. हे विद्यापीठ 2008 साली स्थापन झालं आणि नवी मुंबईत त्याचा परिसर आहे. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी असेल तर एक वर्षाचा पदवीधर मरीन इंजिनिअर कोर्स आहे. विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ईटीओचा, म्हणजे जहाजावरच्या विद्युत अधिकाऱ्याचा, तो तर फक्त 4 महिन्यांचा. मला आपल्या आयटीआयच्या मुलांबद्दल विशेष सांगायचंय. आपल्या तालुक्यात दोन औद्योगिक वसाहती आहेत. लेथवर, वेल्डिंगवर हात बसलेला मुलगा इंजिनरूममध्ये फार लवकर माणसात येतो. नुसता जीपी झालेला मुलगा वर्षभर रंग खरवडत राहतो, फिटर मुलाला सेकंड इंजिनिअर स्वतःहून हाताखाली घेतो. बोट मिळायला उशीर झाला तर तो वसाहतीत कमावू शकतो. म्हणून जीपीला जायचंच असेल तर आधी हातात एक हुन्नर घ्या.

पुढच्या दहा-वीस वर्षांत इंजिनरूम बदलणार आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2023 मध्ये 2050 च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं धोरण स्वीकारलं. एलएनजी, मिथेनॉल यांवर जहाजं चालू लागली आहेत, अमोनियाची तयारी सुरू आहे. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा त्यातच नोकरी करणार आहे. पालघरच्या वाढवण बंदराला 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76 हजार 200 कोटींची मंजुरी दिली. तिथं मच्छीमारांचा विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे असं मला वाटतं. पण बंदर उभं राहिलं तर टग, ड्रेजर, पायलट बोटी, क्रेन यांवर माणसं लागतील, आणि ती कामं रोज घरी परत येण्याची आहेत. मुलींनीही या वाटा बघाव्यात. कॅप्टन, चीफ इंजिनिअर झालेल्या भारतीय स्त्रिया आज समुद्रावर आहेत.

एक नाजूक गोष्ट राहिली. मुलगा बोटीवर आहे, ट्रेनी आहे, आणि घरात पाणी शिरलं. त्याला सांगायचं का? आपल्याकडे लपवण्याची पद्धत आहे, ‘उगाच त्याच्या जीवाला घोर नको’ म्हणून. मी म्हणतो सांगा, पण नीट सांगा. आता जहाजांवर इंटरनेट असतं, डिसेंबर 2024 पासून तर खलाशांना घरच्यांशी संपर्काची सोय देणं सागरी कामगार करारातच आलंय. पुराचा व्हिडिओ गावातल्या ग्रुपवरून त्याच्यापर्यंत रात्री पोचतोच. आणि तो पहाटे चार ते आठच्या वॉचला, म्हणजे पाळीला, उभा असतो, इंजिनरूममध्ये, फिरत्या यंत्रांमध्ये. अर्धवट बातमी घेऊन तिथं उभं राहणं धोक्याचं आहे. म्हणून आईने नव्हे, घरातल्या शांत बोलणाऱ्या माणसाने फोन करावा. पहिलं वाक्य, ‘सगळी माणसं सुखरूप आहेत.’ मग नुकसान, खरं आणि पूर्ण. मग, ‘तू काय करायचं’ ते. बहुतेक वेळा उत्तर असतं, कॉन्ट्रॅक्ट पूर्ण कर. ट्रेनी मध्येच उतरला तर सी-टाइम तुटतो आणि पुन्हा बोट मिळेलच असं नाही. घरात मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मुलाने कॅप्टनला लगेच सांगायचं आणि घरच्यांनी कंपनीच्या क्रू विभागाला. जहाजाचा आणि क्रू विभागाचा, दोन्ही नंबर घरात लिहिलेले हवेत. खलाशांसाठी सीफेअररहेल्प नावाची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे, मन मोकळं करायला तिथंही बोलता येतं.

आणि घरातल्यांचं मन? पुरानंतर आभाळ भरून आलं की पोरं रडायला लागतात, म्हातारी माणसं रात्रभर खाटेवर बसून राहतात. त्यांना ‘काही होत नाही’ म्हणू नका, झालेलं त्यांनी पाहिलंय. बोटीवर आम्ही ड्रिल करतो. इमर्शन सूट चढवायचा, लाइफराफ्ट उलटी करून पुन्हा सरळ करायची, उडी मारताना नाक कसं धरायचं, सगळं तलावात, दिवसाउजेडी. भीती जात नाही, पण हाताला काम माहीत होतं. घरातही पावसाळ्याआधी एकदा करून बघा. मेन स्विच कोण बंद करणार, आजीला कोण उचलणार, फाइल कोण घेणार, कोणाच्या माडीवर जायचं. नातवाला फाइलची जबाबदारी द्या. तो तुमच्याहून चोख करेल.

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्या नावाने या सभागृहात एक गोष्ट व्हावी असं मला वाटतं. प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याआधी, मे महिन्यातल्या एका रविवारी, तालुक्यातले जे कोणी जहाजावर आहेत किंवा होते त्यांनी इथं टेबल मांडून बसावं. पालकांनी एजंटाने दिलेला कागद घेऊन यावं, आम्ही परवाना तपासून देऊ, संस्थेला काय विचारायचं ते लिहून देऊ. शेजारच्या टेबलावर मुलांच्या कागदांच्या प्रती स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये टाकायला आणि इंडोस नंबर टिपून द्यायला कोणी तरी बसेल. स्कॅनर वाचनालयाचा आहे, माणसं आपण देऊ. माझं नाव आजच लिहून घ्या, आणि सभा संपल्यावर आणखी कोणाची नावं असतील तर ती चिटणिसांच्या वहीत जाताना लिहून जा.